इंदूरला दोनच दिवस आहेत, त्यातला एक कामाचा. काय काय बघून होईल, असं तुम्ही विचारलंत.

मांडू, ते जुन्या किल्ल्या-महालांचं गाव, या खेपेला सोडा. तुमच्या यादीत ते सगळ्यात वर आहे, पण जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. सगळा दिवस त्यातच जाईल आणि इंदूर राहूनच जाईल.

कापडाच्या खरेदीसाठी माझं तिथे जाणं-येणं असतं. हे गाव व्यापाऱ्यांचं. तिथल्या राजानेही, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी, खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रजांना एक कोट रुपये कर्ज दिलं होतं, १०१ वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजाने! त्यामुळे बाजार जसा उठतो-झोपतो तसं आपणही फिरावं.

सकाळी पोहे-जलेबी. आपले कांदेपोहे डोक्यातून काढून टाका. हे वाफेवर गरम ठेवलेले, वरून शेव, कच्चा कांदा आणि जिरावण, म्हणजे तिथला चटपटीत सुका मसाला. सोबत जलेबी कशाला, असं मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. आता जलेबीशिवाय पोहे घशाखाली उतरत नाहीत.

मग राजवाडा. सात मजली, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. १९८४ च्या आगीत बराच जळला होता, नंतर दुरुस्त केला. तिथून चालत काच मंदिर. शेठ हुकुमचंदांनी बांधलेलं हे जैन मंदिर भिंती, खांब, छत सगळं काचेने मढवलेलं आहे. वाटेत दुकानात मराठीत बोलून बघा. मी एकदा फोनवर घरी बोलत होतो, तर गल्ल्यावरच्या काकांनी हिंदी सोडून सरळ मराठीतच भाव सांगितला. (कमी मात्र केला नाही.)

दुपारी खोलीवर जाऊन झोपा. चेष्टा नाही, रात्री जागायचंय.

राजवाड्यामागचा सराफा दिवसा सोन्या-चांदीचा बाजार. सराफांच्या दुकानांची शटरं पडली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात, आणि मध्यरात्रीनंतरही चालू असतात. गर्दी असली की दुकानांची राखण आपोआप होते, असं तिथले लोक सांगतात. पहिल्या खेपेला मी शहाण्यासारखा नऊला हॉटेलात थाळी जेवलो आणि मग दहा वाजता सराफ्यात उभा राहून लोकांची तोंडं बघितली. तुम्ही उपाशी जा. भुट्टे का कीस म्हणजे किसलेला मका दुधात शिजवलेला, तो आधी. थंडीत जात असाल तर गराडू सोडू नका: कंद तळून, वर लिंबू नि जिरावण. शिकंजी मागवाल तर लिंबू सरबत येईल या भ्रमात राहू नका, ती दाट दुधाची असते, बासुंदीची चुलत बहीण. एकटे असाल तर ती सगळ्यात शेवटी घ्या, नाहीतर तिथेच पोट भरेल.

परतताना जिरावणाचं पाकीट घ्या. घरी काकडीवर, उकडलेल्या बटाट्यावर, कशावरही चालतं. आमच्याकडे महिनाभरात संपतं, म्हणून मी दोन आणतो.