आधी स्क्रीन, मग ब्रेडबोर्ड

मॅडम, पहिल्याच सेमिस्टरला इलेक्ट्रॉनिक्सची सगळी प्रॅक्टिकल्स व्हर्च्युअल लॅबवर (म्हणजे कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरच) उरकू नका. शिक्षण मंत्रालयाच्या पोर्टलवर आयआयटींचे, आपल्या पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाचेही प्रयोग फुकट आहेत. ते आदल्या दिवशी घरून करून यायला सांगा. सिलिकॉन डायोडचा (करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाचा) करंट-व्होल्टेज आलेख तिथे ०.७ व्होल्टच्या आसपास अगदी शहाण्यासारखा वळतो. खऱ्या टेबलावर, ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता सर्किट जोडायच्या भोकांच्या पाटीवर) मात्र पोरं डायोड उलटा लावतात, मल्टिमीटर करंटच्या रेंजवर ठेवूनच व्होल्टेज मोजतात आणि फ्यूज उडवतात. (माझ्या पहिल्या बॅचने एका दुपारी तीन उडवले!) उडू द्या, पण दोन-चार फ्यूज कपाटात ठेवा. जर्नलमध्ये दोन्ही आलेख शेजारी-शेजारी काढून घ्या आणि फरक का पडला ते तोंडी विचारा. कॉपी केलेली असेल तर तिथेच ततपप होतं.