रोमँटिक कॉमेडीतली एकटी नायिका पहिल्या काही मिनिटांत कशी उभी केली जाते?

तुम्ही विचारले आहे की, रोमँटिक कॉमेडीत नायिका एकटी आहे हे कोणी तोंडाने न सांगताही प्रेक्षकाला सुरुवातीच्या काही मिनिटांतच कसे उमगते, आणि ते उमगूनही चित्रपट रडका का होत नाही. तुम्ही स्वतः एक लघुपट लिहीत आहात आणि त्याच्या पहिल्याच प्रसंगापाशी अडला आहात, असेही प्रश्नात म्हटले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी महाविद्यालयातल्या मुलामुलींसाठी चित्रपट रसास्वादाचे वर्ग घेते आणि त्यांत नायिकेच्या पहिल्या प्रवेशासाठी दरवर्षी एक अख्खी दुपार राखून ठेवते, कारण या प्रकारच्या चित्रपटाचे निम्मे यश तिथेच ठरते असे माझे मत आहे.

माझे उत्तर एका वाक्यात सांगायचे तर, चांगला दिग्दर्शक नायिकेच्या एकटेपणातली एखादी अशी बारीकशी गोष्ट निवडतो, जी तिच्या अवतीभवतीच्या माणसांच्या लक्षातही आलेली नसते आणि कॅमेरा ती आधी आपल्या कानात सांगतो. त्या क्षणी आपण तिचे गुपित जाणणारे होतो, आणि ज्याचे गुपित आपल्याला ठाऊक असते त्याची कीव येण्याऐवजी त्याच्याविषयी माया वाटू लागते. चौकट, प्रकाश, संकलन, ध्वनी ही सगळी साधने या एका कामाला कशी जुंपली जातात, हे उदाहरणांवरूनच नीट समजते.

सर्वांत आधी मी नेहमी ‘रोमन हॉलिडे’ दाखवते. विल्यम वायलर यांचा हा कृष्णधवल चित्रपट 1953 सालचा. त्याची सुरुवात चक्क एका वृत्तपटाने होते. राजकन्या ॲन युरोपातल्या राजधान्यांच्या सदिच्छा दौऱ्यावर आहे, लंडन, ॲमस्टरडॅम, पॅरिस असे करत ती आता रोमला पोहोचली आहे, असे निवेदक ठणठणीत आवाजात सांगतो. गर्दी, मोटारींचे ताफे, हात हलवणारी एक लहानशी आकृती. इथे दिग्दर्शकाने पहिली चाल खेळलेली आहे: नायिकेची ओळख आपल्याला तिच्याकडून होत नाही, ती जगाकडून होते, आणि जग तिला जेवढ्या अंतरावरून पाहते तेवढ्याच अंतरावर आपल्यालाही उभे केले जाते. वृत्तपटाची दृश्ये मुळातच लांबून घेतलेली असतात, त्यांत माणसाचा चेहरा फारसा हाती लागत नाही, आणि हा तुटकपणा पुढच्या प्रसंगाची तयारी म्हणून वापरला आहे.

मग येतो दूतावासातला समारंभ. ऑड्री हेपबर्न डोक्यावर मुकुट आणि अंगात घेरदार झगा घालून उभी आहे, आणि समोरून पाहुण्यांची रांग संपतच नाही. प्रत्येकाचे नाव आणि पदवी पुकारली जाते, प्रत्येकाशी ती हसून दोन शब्द बोलते. त्या रांगेतून एक महाराजाही येऊन जातात. आणि मग कॅमेरा एकदम जमिनीपाशी, झग्याच्या घेराच्या आत जातो. तिथे तिने एक पाय बुटातून हळूच बाहेर काढला आहे आणि ती अवघडलेली पावले मोकळी करते आहे. पुन्हा वर तेच शिष्टाचाराचे हसू. पुन्हा खाली, आणि आता तो बूट कलंडला आहे, आणि तिचा पाय त्याला चाचपडत शोधतो आहे. वर आणि खाली, वर आणि खाली, असे हे संकलन चालते. चेहऱ्यावर काहीच उमटत नाही, सगळी धांदल पायांत चाललेली असते.

मी हा प्रसंग आजवर किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही, पण वर्गात तो चालू असताना मी पडद्याकडे न पाहता मुलांकडे पाहते. तो बूट कलंडला की पुढच्या ओळीतली मुले खरोखर खाली वाकतात, जणू तो बूट त्यांना हात लांबवून सरळ करता येणार आहे. त्यांना तिची दया आलेली नसते, ती तिच्या बाजूने काळजीत पडलेली असतात. दूतावासातल्या त्या भरल्या दालनात शेकडो डोळे तिच्यावर खिळलेले आहेत, आणि तरीही ती कोणत्या अडचणीत आहे हे त्या घडीला फक्त आपल्याला माहीत आहे. एकटेपण म्हणजे माणसांचा अभाव अशी आपली समजूत असते. इथे माणसे खच्चून भरलेली आहेत, आणि ज्याच्याकडे पाहून ती डोळ्यांनी ‘बूट निसटला’ एवढे म्हणू शकेल असा एकही जण नाही. पुढे ती आसनावर बसते तेव्हा तो रिकामा बूट झग्याबाहेर सर्वांसमोर तसाच राहतो आणि तिच्या सोबतच्या मंडळींच्या ध्यानात येतो, मग तिला नृत्यासाठी उठवून कशीबशी वेळ निभावून नेली जाते. हसू इथे फुटते, आणि ते खळखळून फुटते, कारण ताण आधीच साठलेला असतो.

त्यानंतरचा शयनगृहातला प्रसंग ध्वनीसाठी अभ्यासावा असा आहे. पलंग प्रचंड मोठा, खोलीचे छत उंच, आणि त्यात लांब पायघोळ झोपण्याचा झगा घातलेली ती, एखाद्या शाळकरी मुलीसारखी. सोबतची वयस्क सरदारीण उद्याचा दिवसभराचा कार्यक्रम वाचून दाखवते: अमक्या वेळी अमुक ठिकाणी भेट, तिथे तुम्हाला एक लहान मोटार भेट दिली जाईल. राजकन्या यंत्रासारखी म्हणते, ‘आभारी आहे.’ सरदारीण पुढे वाचते की ती आपण स्वीकारायची नाही. राजकन्या तशाच सुरात म्हणते, ‘नको, आभारी आहे.’ हा विनोद संवादातला आहे हे खरे, पण त्याला धार येते ती खिडकीतून आत येणाऱ्या संगीतामुळे. बाहेर रात्रीच्या रोममध्ये कुठेतरी लोक नाचत आहेत, ते सूर या खोलीत पोहोचतात, आणि ती खिडकीकडे धावते. यादीचा एकसुरी आवाज आणि बाहेरचे संगीत यांच्यामध्ये ती सापडलेली आहे, हे एकाही शब्दाविना कळते. तुमच्या लघुपटात शेजारच्या घरातली हसण्याखिदळण्याची चाहूल, जिन्यावरून खाली जाणारी पावले, असे काही वापरता येईल. नायिकेच्या खोलीतली शांतता बाहेरच्या आवाजावाचून ऐकूच येत नाही.

दुसरे उदाहरण अगदी साध्या परिस्थितीतल्या मुलीचे आहे. जॉन टर्टलटॉब यांच्या ‘व्हाइल यू वेअर स्लीपिंग’ या 1995 सालच्या चित्रपटात सँड्रा बुलॉकने रंगवलेली ल्युसी शिकागोच्या उन्नत रेल्वेच्या स्थानकावर टोकन विकते. चित्रपट तिच्या निवेदनाने आणि वडिलांसोबतच्या बालपणाच्या उबदार, सोनेरी रंगातल्या आठवणींनी उघडतो, आणि तिथून थेट हिवाळ्यातल्या करड्या शहरात येतो. रंगांचा हा फरक म्हणजे तिने गमावलेल्या गोष्टींचा हिशेबच आहे. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती तिची बसायची जागा. ती काचेच्या कोंदट खोपट्यात बसते, आणि तिच्या वाट्याला येतात ते फक्त खिडकीच्या फटीतून आत सरकणारे हात. ज्या देखण्या तरुणावर तिचा जीव जडला आहे तोही रोज त्या काचेपलीकडून येतो आणि जातो. एका सकाळी तो नाताळच्या शुभेच्छा देतो, तिच्या तोंडून वेळेवर शब्द फुटत नाही, आणि तो निघून गेल्यावर ती स्वतःवरच चिडते. नेपथ्यकाराने निवडलेली ही एक काच दहा संवादांचे काम करते, आणि नाताळच्या दिवशी इतरांना कुटुंबे आहेत म्हणून ड्यूटी तिच्या गळ्यात मारली जाते तेव्हा आपल्याला ते आधीच ठाऊक असल्यासारखे वाटते.

या चित्रपटातला नाताळच्या झाडाचा प्रसंगही पाहा. ती एकटीच दोर लावून झाड वर खेचून खिडकीतून घरात घ्यायचा खटाटोप करते, दोर हातून सुटतो आणि झाड खालच्या घरमालकाची खिडकी फोडून आत घुसते. कल्पना करा, याच ठिकाणी ती खिडकीशी बसून बाहेरचा बर्फ पाहत अश्रू ढाळते आहे असे दाखवले असते, तर आपण तिला सहानुभूती दिली असती आणि विसरून गेलो असतो. दोन माणसांचे काम एकटीने करू पाहणारी व्यक्ती मात्र विसरता येत नाही. या प्रसंगात एकटेपणाला करायला काम दिले आहे, आणि हसूही त्या कामातूनच निघाले आहे. माझ्याकडे येणाऱ्या संहितांपैकी बहुतेकांत नायिका काहीच करत नसते, फक्त उदास असते, आणि तिथेच त्या संहिता पडतात. काचेवर ओघळणारा पाऊस आणि पियानोचे दोन सूर हा मार्ग तर कृपा करून टाळा.

शॅरन मॅग्वायर यांच्या ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’ या 2001 सालच्या चित्रपटात प्रसंगांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. नवीन वर्षाच्या दिवशी आईवडिलांच्या घरच्या मेजवानीत ब्रिजेटची एका वकिलाशी गाठ घालून दिली जाते, आणि तो तिच्याविषयी आपल्या आईपाशी जे अपमानास्पद बोलतो ते तिच्या कानावर पडते. श्रेयनामावली त्यानंतर येते, आणि तिच्यासोबत लंडनच्या घरात रात्रीच्या कपड्यांत मद्याचा पेला घेऊन बसलेली ब्रिजेट. ‘ऑल बाय मायसेल्फ’ हे गाणे वाजते आहे, आणि आधी नुसते ओठ हलवणारी ती कडव्यागणिक पेटत जाऊन अखेर हवेतच ढोल बडवू लागते. हे गाणे मूळ अमेरिकी गायक एरिक कारमेनचे, आणि त्याची चाल रशियन संगीतकार रखमानिनॉव्हच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोवर, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठी रचलेल्या संगीतकृतीवर, बेतलेली आहे. म्हणजे सुरावट शंभर नंबरी करुण, आणि ती पेलणारी बाई मात्र अंगात आल्यासारखी. कॅमेरा तिच्या समोर ठाण मांडून बसलेला राहतो. तो तिला मध्येच तोडत नाही, लपवत नाही, तिचा तोल पूर्ण जाऊ देतो.

वर्गात मी हा भाग एकदा आवाज बंद करून आणि एकदा आवाजासकट दाखवते. आवाज बंद असताना मुले अस्वस्थ होतात, कारण समोर एक बाई एकटीच हातवारे करताना दिसते. आवाज आला की हशा पिकतो, आणि त्या हशात कुठेही टर उडवण्याचा सूर नसतो. एका मुलीने एकदा सांगितले की, आपण घरी कोणी नसताना आरशासमोर नेमके हेच करतो आणि आजवर ते कोणाला सांगितलेले नाही. अपमान आधी आणि हे गाणे नंतर असा क्रम असल्यामुळेच हे साधते. उलट क्रम लावला असता तर ती केवळ एक विक्षिप्त बाई ठरली असती.

आपल्याकडचे एक उदाहरण घाईने सांगते, कारण ते प्रेमकथेकडे अधिक झुकते. बासू चॅटर्जी यांचा ‘रजनीगंधा’ 1974 सालचा, मन्नू भंडारी यांच्या ‘यही सच है’ या कथेवर आधारलेला. तो विद्या सिन्हाच्या दीपाला पडलेल्या एका भीतिदायक स्वप्नाने सुरू होतो, ज्यात ती रेल्वेप्रवासात एकटीच मागे राहते. जागेपणी तिच्या आयुष्यात प्रेम करणारा तरुण आहे, तोही अमोल पालेकरांनी साकारलेला, लाघवी, पण वेळ पाळणे त्याच्या स्वभावात नाही. ते स्वप्न आपण पाहिलेले असते, त्याने ते पाहिलेले नसते; म्हणून त्याच्या उशिरा येण्यावर आपण हसतो तेव्हाही आत कुठेतरी काहीतरी टोचते.

निवेदनाविषयी एक सावधगिरी. नायिकेच्या आवाजातले निवेदन एकटेपणासाठी सोयीचे पडते, कारण जिला ऐकणारे कोणी नाही ती आपल्याशी बोलते. पण तिने ‘मी एकटी आहे’ असे सांगितले आणि पडद्यावरही तेच दिसले तर दोन्ही वाया जातात. तिला दुसऱ्याच कशाविषयी बोलू द्या, आणि एकटेपण चित्रावर सोपवा.

तुमच्या पहिल्या प्रसंगासाठी मी एवढेच सुचवीन की, संवाद लिहिण्याआधी तुमच्या नायिकेचा निसटलेला बूट कोणता, ते शोधा: लोकांसमोर उभी असताना ती काय लपवते आहे, आणि कॅमेरा ते कुठून पाहू शकेल. ती गोष्ट सापडली की शेवटाचेही काम सोपे होते, कारण तिच्याकडे पुन्हा परतता येते. ‘रोमन हॉलिडे’च्या अखेरीस राजकन्या पत्रकारांसमोर येते, आणि कोणी सांगितलेले नसताना खाली उतरून रांगेतल्या एकेकाशी हस्तांदोलन करत जाते. पुन्हा रांग, पुन्हा ओळखी, पुन्हा तेच दोन शब्द. मधल्या काळात रोममध्ये तिच्यासोबत एक दिवस भटकलेली आणि तिचे गुपित ठाऊक असलेली दोन माणसे आता त्या रांगेत उभी आहेत, आणि कॅमेरा या वेळी तिच्या पायांकडे जात नाही.