आधी कोन सांग

प्रिय पोरी,

तुझा तक्ता पाहिला. दोन क्वेसार (महाकाय कृष्णविवरामुळे झगमगणारे, दूरच्या दीर्घिकांचे गाभे), रेडशिफ्ट, म्हणजे अंतर, जवळपास सारखं. एकाच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रुंद रेषा, दुसऱ्याच्या फक्त अरुंद. खाली तुझा शेरा: 'दोन वेगळ्या जाती.' हुशार आहेस म्हणूनच चिडलो. आपण त्यांच्याकडे कुठल्या कोनातून पाहतोय, तो कोन कुठाय?

कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या चकतीला धुळीचं जाड कडं असतं. वरून पाहिलं तर आतला भन्नाट वेगाने फिरणारा वायू दिसतो, म्हणून रेषा रुंद. कडेने पाहिलं की धूळ आड येते, लांबचा संथ वायूच उरतो. १९८५ मध्ये अँटोनुची आणि मिलर यांनी एनजीसी १०६८च्या ध्रुवीकृत (विखुरून आपल्याकडे वळलेल्या) प्रकाशात अशाच लपलेल्या रुंद रेषा पकडल्या. (ती क्वेसार नव्हे, जवळची सायफर्ट दीर्घिका, म्हणजे तसाच पण मंद गाभा असलेली, पण मेख तीच.)

काही क्वेसारांच्या गाभ्यातून सुटणाऱ्या वेगवान झोताचं तर विचारूच नकोस. कसारा घाटात रात्री समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा डोळे दिपवतो, तोच ट्रक वळणावर आडवा झाला की दिवा जेमतेम दिसतो. झोताचा लॉरेन्झ घटक (वेग प्रकाशाच्या वेगाच्या किती जवळ, त्याचं माप) १० धर. थेट आपल्याकडे रोखला असेल तर डॉप्लर घटक (वेगामुळे प्रकाश किती तीव्र किंवा फिका दिसतो, त्याचं माप) २०च्या आसपास, काटकोनात ०.१. तेज त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या घाताने बदलतं, म्हणजे ४०,००० ते ८० लाख पट! आणि तू 'जास्त शक्तिशाली' लिहून मोकळी. कोन सांग आधी.

माझे गाइड म्हणायचे, एकेका क्वेसारचा कोन मोजता येत नाही, गृहीत धरा आणि पुढे चला. मी चाललो नाही. प्रबंध राहिला, नाशिकला येऊन बारावीचे क्लास घेतले. रुखरुख आहे, नाही कशाला म्हणू? पण सपाट चकती ६० अंशांवरून अर्धीच उजळ दिसते, आणि तरी प्रकाश चहूकडे सारखा जातो असं धरून एकूण ऊर्जा काढायची? त्यावर मी सही का करावी? लोक हट्टी म्हणाले. म्हणोत.

आता काम. दोन्हींची ५००७ अँगस्ट्रॉमची ऑक्सिजनची रेषा घे. ती कड्याबाहेरच्या वायूतून येते, तिला कोनाचं फारसं सोयरसुतक नसतं. तिचं तेज दोन्हींत किती ते काढ, मग बोलू. धूळ प्रत्येकात कमी-जास्त असते, सगळंच कोनाने सुटत नाही, मान्य. म्हणून दोनावर थांबू नकोस, पन्नासेक घे. 'जाती' खोड, कोनाचा रकाना घाल, रिकामा राहिला तरी चालेल. रविवारी गंगापूर रोडला घरी ये. पेनड्राइव्ह विसरू नकोस, मागच्या वेळेसारखा.