पंखा हळू फिरतोय, 2.5 च्या जागी 4 चा कपॅसिटर टाकू का?

प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. तुम्ही लिहिलंय की छताचा पंखा जुना आहे, हल्ली फारच हळू फिरतो, आणि ओळखीतल्या कुणीतरी सांगितलंय, "2.5 चा काढ, 4 चा टाक, मग बघ कसा पळतो." तर तसं करू का, हे काम घरच्या घरी जमेल का, की सरळ नवा बीएलडीसी (इलेक्ट्रॉनिक बोर्डवर चालणारा, कमी वीज खाणारा) पंखा घेऊन टाकू?

4 चा टाकू नका. (कपॅसिटर म्हणजे पंख्याच्या मोटरला जोडलेली छोटी डबी, आणि 2.5 किंवा 4 हे तिच्या क्षमतेचे मायक्रोफॅरडमधले आकडे.) पंख्याला 2.5 चा होता तर 2.5 चाच. काम घरी जमतं. नव्या पंख्याचं शेवटी बघू.

आता हे "मग बघ कसा पळतो" म्हणणारे. तसे एक आमच्याकडेही आहेत, माझे दाजी. माणूस लाख मोलाचा, अडीअडचणीला सगळ्यात आधी धावून येणार. पण दुरुस्तीच्या बाबतीत एकदा म्हणाले ते म्हणाले. आई-बाबांच्या घरातला बाहेरच्या खोलीतला पंखा असाच रडत-खडत फिरायला लागला होता. मी बाबांना सांगून ठेवलं होतं की कपॅसिटर मोजायचा मीटर घेऊन येतो, आधी मोजू आणि मग काय ते बदलू. मी पोहोचायच्या आत दाजींनी त्यांच्या खास वायरमनला आणलं, 2.5 चा काढून 4 चा टाकला, आणि मी दारात पाऊल ठेवतोय तर पंखा भन्नाट सुटलेला. कॅलेंडरची पानं फडफडतायत, बाबा खूश. दाजी मला म्हणाले, "तू अजून मीटरच शोधत बसला असतास."

काढलेला कपॅसिटर खिडकीत पडला होता. वरची धूळ पुसली, आत साठलेली वीज निघून जावी म्हणून दोन्ही टोकं स्क्रू ड्रायव्हरने एकमेकांना टेकवली आणि मीटरला लावला. 1.3 मायक्रोफॅरड. छापलेले 2.5, उरलेले 1.3. मी म्हटलं, "दाजी, पंखा 4 मुळे पळत नाहीये. जुना निम्मा संपला होता म्हणून नवा टाकल्यावर पळतोय. 2.5 चा टाकला असता तरी वाऱ्यात फारसा फरक कळला नसता." त्यावर त्यांचं उत्तर: "पळतोय ना? मग झालं तर."

तुम्हाला सल्ला देणाऱ्यानेही बहुतेक हेच पाहिलंय. मेलेला कपॅसिटर काढून मोठा टाकला, पंखा सुधारला, श्रेय मोठ्या आकड्याला. शेजारी नवाकोरा 2.5 लावून तुलना कुणीच करत नाही.

त्या रात्री मी पंखा बंद करून स्टुलावर चढलो आणि मोटरला हात लावला. हात ठेववेना. आतल्या खोलीत त्याच वेळी घेतलेला, त्याच कंपनीचा दुसरा पंखा होता, तोही दिवसभर चालू होता. त्याची मोटर नुसती कोमट. दाजींना दाखवलं. म्हणाले, मोटर आहे, तापणारच. वायरमनने फोनवर सांगितलं की काही होत नाही, आम्ही सगळीकडे हेच टाकतो. सगळीकडे टाकत असतील, त्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

पुढच्या उन्हाळ्यात घरभर जळक्या वार्निशचा वास सुटला आणि पंखा घुं घुं करत जागच्या जागी थरथरायला लागला. रिवाइंडिंगला, म्हणजे मोटरमधली तारेची वेटोळी नव्याने गुंडाळून घ्यायला, नेला तेव्हा मी मुद्दाम बरोबर गेलो. त्या माणसाने मोटर उघडली, आत एक नजर टाकली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कंडेन्सर (म्हणजे कपॅसिटरच) कितीचा लावला होता?" आधी कोणी काही सांगितलेलं नसताना. मग जवळ बोलावून दाखवलं. रनिंग वाइंडिंगची वेटोळी अजून तांबूस, वार्निशची चमक शाबूत. स्टार्टिंगची मात्र पार काळी. नख लावलं तर वार्निशचा चुरा हातात येत होता आणि खाली उघडी तार दिसत होती. दाजी शेजारीच उभे होते. म्हणाले, "जुनाच होता, कधीतरी जायचाच होता." आतल्या खोलीतला त्याच वयाचा पंखा आजही चालू आहे, 2.5 वर.

हे असं का होतं, ते थोडं सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमच्या सल्लागाराशी बोलता येईल. साध्या पंख्यात दोन वाइंडिंग असतात. रनिंगला वीज थेट मिळते, स्टार्टिंगला कपॅसिटरमधून. कपॅसिटरमुळे स्टार्टिंगमधला प्रवाह रनिंगच्या पुढे सरकतो, आणि दोघांत ही फारकत झाली की चुंबकीय क्षेत्र गोल फिरायला लागतं. नाव स्टार्टिंग असलं तरी पंख्यात हे वाइंडिंग सुरुवात करून देऊन बाजूला होत नाही, पंखा चालू असेपर्यंत त्यातून प्रवाह वाहत असतो. म्हणजे कपॅसिटर जितका मोठा, तितका या वाइंडिंगवर प्रवाहाचा भार, अष्टौप्रहर. 2.5 चा 4 केला म्हणजे 1.6 पट झाला. प्रवाह ढोबळमानाने त्याच प्रमाणात वाढतो असं धरा, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे अडीचपट. तारेवरच्या वार्निशबद्दल मोटरवाल्यांचा जुना ठोकताळा आहे की तापमान दर 10 अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. करा हिशोब.

आणि एवढं करून पदरात काय पडतं? 50 हर्ट्झच्या विजेवर 14 पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) पंख्यातलं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला 428 फेरे घेतं. पंखा त्याच्या थोडा मागेच राहणार, त्याच्या पुढे कधीच जाऊ शकत नाही, मग कपॅसिटर 4 चा टाका नाहीतर 40 चा. धडधाकट पंखा आधीच त्या आकड्याच्या बराच जवळ असतो. 2.5 वरून वर गेल्यावर चार-दोन फेरे वाढतील आणि वाइंडिंग भाजत राहील. दाजी याला पुस्तकी ज्ञान म्हणतात. जळलेली वेटोळी मात्र पुस्तकातली नव्हती.

पंखा दरवर्षी थोडा थोडा हळू का होतो, हेही यातच आहे. कपॅसिटरच्या आत प्लॅस्टिकची अगदी पातळ फिल्म असते आणि तिच्यावर धातूचा मुलामा. विजेचा झटका आला की फिल्मला बारीकसं भोक पडतं, भोवतीचा मुलामा उडून जातो आणि भोक आपोआप वेगळं पडतं. कपॅसिटर वाचतो, पण तेवढा मुलामा कायमचा गेला. असं होत होत 2.5 चा 2 होतो, मग 1.5. बाहेरून डबी अगदी नव्यासारखी दिसते, फुगत नाही, काळी पडत नाही. म्हणून मीटर लागतो, आणि कपॅसिटर मोजणारा मीटर काही फार मोठी चीज नाही. चांगल्या कपॅसिटरवर ± 5 टक्के असं छापलेलं असतं, 2.5 चा 2.2 च्या खाली दिसला की मी काढून टाकतो.

पण कपॅसिटर आणायच्या आधी एक करा. वीज बंद करून पातं हाताने फिरवा. मोकळेपणाने फिरत राहून हळूहळू थांबला तर बेअरिंग ठीक. खरखर करत लगेच थांबला तर बेअरिंग गेलंय, आणि मग जगातला कुठलाही कपॅसिटर उपयोगाचा नाही. बेअरिंग बहुतेक पंख्यांत 6202 आणि 6201 असतात, आकडा कडेवर कोरलेला असतो. पण ती काढायला पुलर (बेअरिंग ओढून काढायचं अवजार) लागतो, हातोडीने ठोकाठोक करून शाफ्ट वाकवू नका. ते काम बाहेर द्या, यात कमीपणा काही नाही. दुसरी खूण: बटण दाबल्यावर पंखा नुसता घुमतो, फिरत नाही, आणि काठीने पातं ढकललं की ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला फिरायला लागतो. मग बहुतेक कपॅसिटर साफ मेलाय, क्वचित स्टार्टिंग वाइंडिंगच तुटलेलं असतं. पात्यांच्या कडेला साचलेली धूळही पुसून घ्या, तिचाही फरक पडतो.

जोडणी वाटते तितकी अवघड नाही. मोटरमधून सहसा तीन वायरी येतात, कपॅसिटरच्या दोन. कपॅसिटरला उलटसुलट असं काही नसतं. जुना सोडवायच्या आधी मोबाइलवर जवळून दोन-तीन फोटो काढा आणि नवा जसाच्या तसा जोडा. रंगांवर विसंबू नका, प्रत्येक कंपनीचे वेगळे. पंखा उलटा फिरून वारा वर फेकायला लागला तर जोडणी चुकली समजा. एक मात्र बघून घ्या: डबीवर 440 व्होल्ट एसी छापलेलं हवं. घरात 230 व्होल्ट असताना 440 कशाला, असं वाटेल. पण चालू पंख्यात कपॅसिटरच्या दोन टोकांमध्ये घरच्या विजेपेक्षा जास्त व्होल्टेज पडतं. 250 व्होल्टचा टाकला तर तो फार दिवस टिकायचा नाही. जुन्या रेडिओतून काढलेला गोल, प्लस-मायनसवाला तर चुकूनही नको, तो फुटतो.

वायरमनला बोलवावं की नाही यावर आमच्याकडे अजून वाद पेटतो. दाजींचं म्हणणं, ज्याचं काम त्याने करावं. मान्य. पण ज्याचं काम त्याने डबीवरचा आकडा तरी वाचावा. न मोजता मोठा भाग टाकणारा वायरमन आणि मोजून बरोबर भाग टाकणारा घरचा माणूस, यात मी डोळे झाकून दुसऱ्याकडे जाईन. उलट मोजून काम करणारा कारागीर भेटला तर त्याला सोडू नका. त्या रिवाइंडिंगवाल्याकडे आता आमच्या घरातलं सगळं जातं, दाजींच्या घरातलंही. हे ते कबूल करणार नाहीत.

आता खबरदारी. खरं तर ही वर लिहायला हवी होती. नुसतं पंख्याचं बटण बंद करून वर हात घालू नका. कित्येक घरांत वायरिंग करताना बटण न्यूट्रलवर घातलेलं असतं. बटण बंद असलं तरी वर फेज जिवंतच राहतो. मेन बंद करा, मग दोन्ही वायरींना टेस्टर लावून बघा, आणि तो टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून पेटतो का तेही बघा. मेनजवळ कोणाला तरी उभं करा, नाहीतर अंधार झाला म्हणून घरातलंच कोणीतरी बटण वर करतं. कपॅसिटरची टोकं इन्सुलेटेड मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरने आधी टेकवा. स्टूल डगमगणारं नको, शिडी लोखंडाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची नको. वायरींचं वेष्टण हात लावल्यावर तुकडे होऊन पडत असेल तर तिथेच थांबा, मग प्रश्न कपॅसिटरचा राहिलेला नाही. वर चढलाच आहात तर दांड्याच्या बोल्टमधली पिन जागेवर आहे का, तिची दोन्ही टोकं फाकवलेली आहेत का, तेही बघा. वेगापेक्षा ती जास्त महत्त्वाची.

बीएलडीसीचं म्हणाल तर साधा पंखा 70-80 वॅट घेतो आणि तो 28-35. दिवसभर चालणाऱ्या खोलीसाठी पुढे कधीतरी जरूर घ्या. पण त्यात इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो आणि तो गेला की डबी बदलून भागत नाही. चांगली मोटर असलेला पंखा एका कपॅसिटरपायी भंगारात घालू नये, असं माझं मत. दाजींनी दोन बीएलडीसी घेतलेत, त्यामुळे त्यांचं वेगळं असणार.

रेग्युलेटरबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीये. पूर्ण वेगावर ठेवूनही पंखा हळू असेल तर मेन बंद करून रेग्युलेटर तात्पुरता वगळा आणि बटणावरून थेट चालवून बघा. तरीही हळूच राहिला तर जुन्या कपॅसिटरवर छापलेलं सगळं आणि मीटरचा आकडा इथे लिहा, मग पुढचं सांगतो.