अहवालात न आलेली गोष्ट

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

ऑनलाइन धडे तयार करायच्या अभ्यासक्रमातला पहिल्या वर्षाचा तुझा चिंतन अहवाल वाचला. भाषा स्वच्छ आहे, मुदतीत होईल, गुणही बरे पडतील. तरी पोर्टलवर चढवण्याआधी जरा थांब. मूडल, एचफाइव्हपी, कॅनव्हा, गुगल फॉर्म असं साधनांचं सगळं किराणा दुकानात द्यायच्या यादीसारखं एकाखाली एक मांडलंयस. धडा आखायच्या ॲडी पद्धतीच्या पाच पायऱ्यांवर चार पानं खर्च केलीस, ती एका परिच्छेदात बसतील. परीक्षकांना त्या पायऱ्या तोंडपाठ आहेत. वर्षभरात तुझं शिकवणं कुठे बदललं, हे मात्र मला त्यात सापडलं नाही. आणि ते बदललंय हे मला पक्कं माहीत आहे, कारण गणपतीच्या दिवसांत फोनवर तूच सांगत होतीस.

भिन्नछेद अपूर्णांकांच्या बेरजेचा तो व्हिडिओ. पहिल्यांदा केलास तेव्हा पडद्यावर सगळा मजकूर होता आणि तोच तू वाचून दाखवत होतीस. मग अभ्यासक्रमात मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर आले. चित्र आणि आवाज सोबत असताना तीच वाक्यं पुन्हा पडद्यावर दिली, तर शिकणाऱ्यावर उगाच जास्तीचा भार पडतो, असं त्यांच्या प्रयोगांतून पुढे आलेलं. तू मजकूर काढून टाकलास; भाकरीची चित्रं आणि आवाज एवढंच ठेवलंस. गावातल्या मुलांना ते जमलं. तांड्यावरची पोरं अडकली. मूडलवरच्या तुझ्या ऑनलाइन वर्गात त्यांच्या नावापुढे व्हिडिओ पूर्ण पाहिल्याची हिरवी खूण, आणि वहीत 1/2 + 1/3 = 2/5. वरची वरच्यात, खालची खालच्यात मिळवून मोकळी!

घरी गोरमाटी ही बंजाऱ्यांची बोली बोलणाऱ्या मुलांच्या कानांवरून 'समच्छेद' नुसताच निघून गेला होता, हे तुला त्यांच्याशेजारी बसल्यावर कळलं. मग तू सगळा मजकूर परत आणला नाहीस. अंश, छेद, समच्छेद एवढे तीनच शब्द, तू उच्चारशील त्याच क्षणी चित्राला खेटून उमटतील असे टाकलेस. मेयर यांचं तत्त्व इथे खोटं पडत नाही, त्याची हद्द कळते. शब्द अनोळखी असतील किंवा शिकण्याची भाषा घरची नसेल, तर पडद्यावरच्या मोजक्या शब्दांचा आधार होतो, हे संशोधकांनीही नोंदवलेलं आहे. तुला ते वहीतल्या एका चुकीच्या बेरजेने दाखवलं.

या सगळ्याचं अहवालात एकच वाक्य उरलंय: 'मेयर यांच्या तत्त्वांनुसार व्हिडिओ तयार केला.' अगं, लिहायचं ते सगळं मधेच राहिलं की!

पहिल्या पानावरचं अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचं म्हणून दिलेलं वाक्य काढ. माणूस अनुभवातून नव्हे, अनुभवावरच्या चिंतनातून शिकतो, हे त्यांच्या नावाने इंटरनेटवर सगळीकडे फिरतं, पण त्यांच्या लिखाणात त्या शब्दांत ते मिळत नाही. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब ज्यांच्या हाताखाली शिकले ते हे ड्यूई. संभाजीनगरच्या विद्यापीठात शिकलेल्या मुलीने तरी त्यांचं नाव तपासून वापरावं. 1910 मध्ये त्यांनी मांडलं ते तुझ्या जास्त कामाचं आहे. माणूस कुठेतरी अडतो, मन बुचकळ्यात पडतं, आणि विचार तिथून सुरू होतो. तुझ्या अहवालात मात्र कुणी कुठे अडतच नाही.

प्रतिसादाच्या तक्त्याचंही तेच. दिवाळीनंतर आलेख धाडकन खाली येतो आणि तू लिहितेस, 'विद्यार्थ्यांचा रस कमी झाला.' रस? ती पोरं कुठे गेली हे तुला ठाऊक नाही का? आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर गेले, पोरं त्यांच्यासोबत तिथल्या झोपडीत, कोपीवर. फोन एकच, तो बापाच्या खिशात, आणि दिवसभर फडात. तुझा पेपर तपासणारे कुठल्या शहरात बसलेत कोण जाणे. ऊसतोडीचा हंगाम त्यांना माहीत असेल असं धरून चालू नकोस. सविस्तर लिही. त्या मुलांसाठी तोच धडा कमी डेटात उतरेल अशा ऑडिओत करायचा, की परत आल्यावर वर्गातच घ्यायचा, यावर तुझं स्वतःचं मत हवं. हा भाग दोन पानं झाला तरी चालेल.

सुधारलेल्या व्हिडिओनंतर बहुतेकांना पैकीच्या पैकी मिळाले, पण ती चाचणी तू व्हिडिओ संपल्या संपल्या घेतलीस. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सगळ्यांत जास्त असतो. तेव्हा तशीच दोन गणितं आता पुन्हा दे, आकडे बदलून. जी मुलं गावात आहेत त्यांनाच दे आणि किती जण होती तेही लिही. निकाल खाली आला तर खाली आलेला दाखव.

जुना आणि नवा, दोन्ही व्हिडिओ जोड. जुना डिलीट केला असशील तर शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शोध. मधे त्या वहीच्या पानाचा फोटो लाव, पण मुलाचं नाव झाकून, आणि त्याच्या आईबापाला विचारून. 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी, ही अट 2023 च्या डिजिटल माहितीच्या कायद्यातही आहे. ते कारखान्यावर असतील तर फोन कर.

मुदत शुक्रवारची ना? नवा मसुदा गुरुवारी दुपारपर्यंत पाठव. संध्याकाळी आमच्याकडे लाईट जाते.

तुझे,
सर