सापडला ना? मग झालं!

मागच्या अंकात एका बेपत्ता मुलाविषयी जाता जाता दोन ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग येऊन पडला. सगळी छापणं शक्य नाही. नवीन वाचकांसाठी सांगते: मी निवृत्त मुख्याध्यापिका. त्यानंतर जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीवर, म्हणजे हरवलेल्या-सापडलेल्या, अडचणीतल्या मुलांचं पुढे काय करायचं ते ठरवणाऱ्या समितीवर, दोन मुदती, म्हणजे सहा वर्षं, सदस्य होते. वकील नाही. जे टेबलाच्या अलीकडून पाहिलं, तेवढंच माझं भांडवल.

प्रश्न : बाई, आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीतला नववीतला मुलगा संध्याकाळी क्लासला म्हणून गेला, तो परतलाच नाही. वडील रात्री साडेदहाला ठाण्यात गेले. "मित्राकडे असेल, चोवीस तास वाट बघा, उद्या या," असं सांगून त्यांना परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तक्रार घेतली, तीही साध्या कागदावर. तोवर आम्ही सगळ्यांनी त्याचा फोटो, वडिलांचा नंबर, शाळेचं नाव ग्रुपवर टाकलं होतं. सहाव्या दिवशी तो हायवेवरच्या एका ढाब्यावर भांडी घासताना सापडला. कॉलनीत आता दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात पोलिसांची चूक, निम्मे म्हणतात आईबापांची. तुमचं मत काय? मुलगा घरी आलाय, पण कोणाशी बोलत नाही.
*– एक शेजारीण*

उत्तर : आधी त्या चोवीस तासांचा निकाल लावू. कायद्यात चोवीस तास आहेत, पण ते वेगळ्या कामाचे. सापडलेलं मूल प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे आणायचं, असं बाल न्याय कायदा, २०१५ सांगतो. मूल हरवल्यावर थांबायचे चोवीस तास कुठेच लिहिलेले नाहीत. एका बाजूचा आकडा दुसऱ्या बाजूला कसा चिकटला देव जाणे, पण सहा वर्षांत आमच्यापुढे आलेल्या पालकांपैकी कितीतरी जणांनी हेच वाक्य ऐकलेलं होतं.

उलट १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर स्पष्ट सांगितलं, की मूल बेपत्ता असल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि उलट सिद्ध होईपर्यंत अपहरण किंवा मानवी तस्करी गृहीत धरूनच तपास करायचा. चार महिन्यांत मूल सापडलं नाही, तर तपास मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे जातो. इथे पालकच बिचकतात. "अहो, आमचा पोरगा रुसून गेलाय, अपहरण कशाला लिहिता?" लिहू द्या. नुसती 'मिसिंग'ची नोंद मोठ्या माणसांसाठी. अठराच्या आतल्या मुलासाठी गुन्हा नोंदवल्याशिवाय गाडा हलत नाही. आणखी एक, जे बऱ्याच जणांना माहीत नाही: जुन्या दंड संहितेत पालकांच्या ताब्यातून पळवून नेण्याचा गुन्हा मुलीसाठी १८ वर्षांखाली होता, मुलासाठी मात्र १६ खालीच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत दोघांनाही १८ आहे. साडेसोळा वर्षांच्या मुलाच्या आईला "आता मोठा आहे तो" म्हणून परतवायची सोय त्या तारखेला संपली.

"आमच्या हद्दीत येत नाही" हेही चालत नाही. कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो आणि प्रत फुकट मिळते. घेतच नसतील तर तक्रार लेखी करून पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, तिथेही दाद नाही मिळाली तर दंडाधिकारी आहेत. रात्री साडेदहाला बापाला हे सुचत नाही हे मला कळतं. म्हणून त्याच्याबरोबर जाणाऱ्या शेजाऱ्याला तरी माहीत असावं. तुमच्या कॉलनीतून त्या रात्री त्यांच्यासोबत ठाण्यात कोण गेलं होतं? पत्रात ते लिहिलेलं नाही.

आता फोटो. एका आईने समितीत फाईलला लावलेला फोटो मी विसरणार नाही. मुलगा पंधराचा, फोटो पाचवीच्या स्नेहसंमेलनातला, तोही शिवाजी महाराजांच्या वेशात, दाढीमिशांसह. तिच्याकडे दुसरा नव्हताच. मुलांचा साधा, समोरून काढलेला, शाळेच्या गणवेशातला फोटो दर वर्षी काढून ठेवा. अंगावरची खूण, दप्तराचा रंग, पायात चप्पल होती का बूट, एवढं सांगता आलं तरी पोलिसांचं अर्धं काम होतं.

फोटो पसरवू नये असं मी म्हणणार नाही. मुंबईत अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यातले राजेंद्र भोसले यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २००८ ते २०१५ या काळात हरवलेल्या १६६ मुलींपैकी १६५ त्यांच्या पथकाने शोधल्या. उरलेली एक, २२ जानेवारी २०१३ ला सातव्या वर्षी गेलेली. निवृत्तीनंतरही ते तिला शोधत राहिले. ती ऑगस्ट २०२२ मध्ये सापडली, सोळा वर्षांची होऊन, आणि कुठे? घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, दुसऱ्याच्या घरी राबताना. तिच्याबरोबर काम करणाऱ्या बाईने तिची गोष्ट ऐकून इंटरनेटवर शोध घेतला, तेव्हा जुनं पोस्टर मिळालं. त्यावर पाच फोन नंबर होते. नऊ वर्षांनी चालू होता एकच, एका शेजाऱ्याचा. तर पोस्टर कामाला येतं, आणि शेजारी नंबर बदलत नाही तेही कामाला येतं.

पण तुमच्या मुलाचा फोटो अजून फिरतोय ना? सापडल्यावर "मिळाला, देवाची कृपा" असं एक वाक्य टाकून सगळे मोकळे झाले असाल. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, शाळा, पत्ता, फोटो छापायला किंवा दाखवायला मनाई करतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. हरवलेलं मूलही या व्याख्येत येतं. शोधासाठी पोलिसांमार्फत फोटो देणं वेगळं. सापडल्या दिवशी ज्याने ज्याने पुढे पाठवला त्याने तो पुसायचा आणि पुढच्याला पुसायला सांगायचं. नववीतला मुलगा उद्या ज्या वर्गात बसणार, तिथल्या चाळीस पोरांच्या घरी 'ढाब्यावर भांडी घासताना' पोचलंय. तो बोलत नाही यात मला नवल वाटत नाही.

आणि आता खरं दुखणं. पोलिसांनी त्याला ढाब्यावरून उचलला आणि परस्पर घरी आणून सोडला का? तसं असेल तर तुमच्या दोन्ही तटांच्या भांडणापेक्षा ती चूक मोठी आहे. मूल समितीपुढे यायला हवं होतं. कशासाठी? त्याला एकट्याला, आईबाप बाहेर बसवून, विचारण्यासाठी. ढाबामालकाने सहा दिवस ठेवून घेतलं ते कशावर, कोणी हात लावला का, पैसे दिले का. मग घरचा सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत. कागदावर हे सगळं छान आहे. प्रत्यक्षात अध्यक्ष धरून पाच जणांच्या आमच्या समितीत दुसऱ्या मुदतीत कित्येक महिने तिघेच होतो. अंतिम आदेशाला तीन सदस्य लागतात. एकाला डेंग्यू झाला की कामकाज ठप्प. अहवाल लिहिणारे समाजसेवक जिल्ह्याला बोटांवर मोजण्याएवढे, त्यांच्याकडे गाडी नाही. यंत्रणा मूल शोधते, बऱ्याचदा चांगली शोधते, आणि सापडल्या क्षणी हात झटकते. सापडला ना? मग झालं!

एक मुलगा माझ्यासमोर तिसऱ्यांदा आला होता. चौदाचा. दर वेळी रविवारी रात्री निघायचा, रेल्वे पोलिसांना स्टेशनवर सापडायचा. पहिल्या दोन वेळी ठाण्यातूनच घरी. आमच्याकडे बसला तेव्हा खुर्चीच्या फाटक्या रेक्झिनमधून स्पंज ओढत होता, छोटे छोटे पिवळे तुकडे, मांडीवर रांग लावून. मी ओरडले नाही, ओढू दिला. तासाभराने बोलला. क्लासवाले रविवारी दुपारी चाचणी घ्यायचे आणि रात्री नऊला मार्क पालकांच्या ग्रुपवर टाकायचे. वडील मारत नव्हते. जेवताना ते मार्क मोठ्याने वाचायचे, बहिणीसमोर. एवढंच. वडिलांना बोलावलं तर ते रडायला लागले, "हे आधी कोणी विचारलंच नाही." खरं होतं. तीनदा पळालेल्या मुलाला 'कुठे गेलास' सगळ्यांनी विचारलं होतं.

तुमच्या शेजाऱ्यांना सांगा, जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा, समुपदेशक मागा. मुलाला महिनाभर तरी 'का गेलास' असं थेट विचारू नका, जेवताना तर नकोच. त्याचा क्लास कोणता, तिथे काय घडतं, हे आधी मोठ्यांनी जाऊन बघा.

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षं ४ महिन्यांची. एका मुलाबरोबर निघून गेली, अकरा दिवसांनी सुरतेत सापडली. समितीपुढे "घरी जायचं नाही" म्हणाली आणि त्यांनी तिला बालगृहात ठेवलं. आम्ही खानदानी माणसं आहोत. दिवाळीनंतर तिचं लग्नही ठरलं होतं, तेही मोडेल. आमचंच लेकरू आमच्याकडे द्यायला समितीला काय अडचण आहे?
*– एक त्रस्त वडील*

उत्तर : दादा, अडचण तुम्हीच लिहून पाठवलीत. दिवाळीनंतर लग्न म्हणता, आणि ती १७ वर्षं ४ महिन्यांची. म्हणजे अठरा पूर्ण व्हायच्या आत. बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. समितीतल्या बाईंनी मुलीकडून हे ऐकलं असेल तर तिला परत पाठवणं त्यांना शक्यच नव्हतं. मीही पाठवलं नसतं.

त्या मुलाचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. अठराच्या आत मुलीची संमती पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, धरत नाही. ती स्वतःहून गेली असं ती शंभरदा म्हणाली तरी त्याच्यावर गुन्हा होतो. हे मला स्वतःला नेहमी जड गेलंय. साडेसतरा वर्षांची मुलगी समोर बसून "त्याला सोडा" म्हणून रडते आणि आपल्या हातात काही नसतं. पण तुमच्या घरापुरतं बोलायचं तर ती कोणाकडे गेली यापेक्षा कशापासून गेली ते बघा. भेटीच्या दिवशी बालगृहात एकटे जा, काका-मामांची फौज नको. ठरलेलं लग्न मोडल्याचं आधी सांगा, मग तब्येत विचारा.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. सातवीतली एक मुलगी तीन आठवडे येत नाही. घरचे म्हणतात मामाकडे गेली. मी हे कोणाला कळवायला हवं का?
*– एक गुरुजी*

उत्तर : आजच. माझ्या उत्तराची वाट बघत बसला असाल तर आधीच उशीर झालाय.

गुरुजी, तुम्हाला रागावायचा मला अधिकार नाही, ते सांगते. मी मुख्याध्यापिका असताना एका मुलीच्या नावापुढे १९ दिवस 'गै.' लागलं होतं. महिनाअखेर हजेरीपटावर मी सही केली. बेरीज बरोबर आहे का तेवढं पाहिलं. ती मुलगी ऊसतोडीला आईबरोबर गेली असेल असं सगळे धरून चाललो होतो, कारण दसऱ्यानंतर आमच्याकडे निम्मा वर्ग जायचाच. आई टोळीबरोबर कोल्हापूरकडे गेली होती हे खरं. मुलगी त्या ट्रॅक्टरमध्ये नव्हती. शाळेला वाटलं आईबरोबर आहे, आईला वाटलं आजीकडे राहून शाळेत जाते. आजीला नीट ऐकू येत नव्हतं. ती पुढे सापडली, जिवंत सापडली, त्यापुढचं मी इथे लिहिणार नाही. तो हजेरीपट मी निवृत्त होताना कपाटातून काढून पाहिला. माझी सही अगदी टापटीप आहे.

तेव्हा मामाचा फोन नंबर घ्या आणि मुलीशी स्वतः बोला. बोलता आलं नाही, तर १०९८, मुलांच्या मदतीचा फोन नंबर, लावा. लग्नाचा वास आला तर ग्रामसेवकाला गाठा, आपल्याकडे गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच. आणि पहिल्या तासाला जो गैरहजर, त्याच्या घरी अकराच्या आत फोन. तुमच्या शाळेत कोणी सांगितलं नसेल तरी तुम्ही करा.

प्रश्न : १०९८ बंद झालं असं ऐकलं. खरं का?
*– एक आजोबा*

उत्तर : नाही. मुंबईत १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झालेली ही सेवा आधी स्वयंसेवी संस्था चालवायच्या. २०२३ पासून ती सरकारकडे गेली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाला जोडली. नंबर तोच, फुकट, चोवीस तास. मुलं स्वतःही लावू शकतात. नातवंडांकडून पाठ करून घ्या.

प्रश्न : गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते म्हणे. आमच्या गावात आहे का हे कसं कळणार?
*– एक बचत गट सदस्य*

उत्तर : कागदावर नक्की असेल. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य सचिव. फलकावर नावं आहेत का ते बघू नका, फलक सगळीकडे रंगवलेले असतात. ग्रामपंचायतीत जाऊन इतिवृत्ताची वही मागा. एकटीने नको, गटातल्या चौघी-पाच जणी जा. वही मिळाली तर शेवटच्या बैठकीची तारीख आणि त्यात कोणत्या मुलाचा विषय निघाला ते मला लिहून कळवा. वही सापडत नाही असं म्हणाले, तर तेही कळवा.