मरीनावरच्या समाध्या पहिल्यांदा पाहताना

चेन्नईच्या मरीना समुद्रकिनाऱ्यावर तमिळनाडूच्या चार माजी मुख्यमंत्र्यांच्या समाध्या आहेत. तिथे दुपारी जाऊ नका. समाधीजवळ चपला काढल्या की तापलेल्या फरशीवर पाय पोळतात. गव्हर्नमेंट इस्टेट मेट्रोला उतरून वालाजा रोडने समुद्राकडे चालत जा. शेजारी-शेजारी दोन आवारं आहेत: एकात अण्णादुराई आणि करुणानिधी, दुसऱ्यात एमजीआर (एम. जी. रामचंद्रन) आणि जयललिता. घाईत लोक एकच पाहून परततात.

एमजीआरांच्या समाधीवर माणसं कान टेकवताना दिसतील. आत त्यांचं घड्याळ अजून टिकटिकतं अशी श्रद्धा आहे. तिथे हसू नका, आपली पाळी येईपर्यंत थांबा. अण्णादुराईंच्या समाधीवरच्या तमिळ ओळीचा अर्थ आहे ‘सर्व काही सोसणारं हृदय’. ती जरूर पाहा.

३ फेब्रुवारी, ७ ऑगस्ट, ५ आणि २४ डिसेंबर या चौघांच्या पुण्यतिथ्या. त्या दिवशी निवांत दर्शन अवघडच.